अंडं रंगवायचं नाही, लिहायचं!

'ईस्टर एग' म्हटलं की आम्हा आयटीवाल्यांना आधी आठवतं ते सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी गुपचूप लपवून ठेवलेलं गमतीदार फीचर. आज मात्र खऱ्याखुऱ्या अंड्यांबद्दल.

युक्रेनमध्ये ईस्टरच्या आधी मेणाने नक्षी काढून अंडी रंगवतात. अशा अंड्याला म्हणतात 'पिसांका'. युक्रेनियनमध्ये 'पिसाती' म्हणजे लिहिणे. म्हणजे तिथल्या बायका अंडं रंगवत नाहीत, चक्क लिहितात!

पद्धत आपल्या ओळखीच्या बाटिकसारखीच. काडीच्या टोकाला बसवलेलं धातूचं इवलंसं नरसाळं, त्याचं नाव 'किस्तका'. ते मेणबत्तीवर तापवायचं, त्यात मधमाश्यांचं मेण घ्यायचं आणि पांढऱ्या कच्च्या अंड्यावर रेघा ओढायच्या. जिथे मेण, तिथे रंग चढत नाही. मग अंडं पिवळ्या रंगात बुडवायचं. जेवढं पिवळं राहायला हवं तेवढ्यावर पुन्हा मेण, मग नारिंगी, मग लाल, सगळ्यात शेवटी काळा. तोपर्यंत हातात एक काळंकुट्ट, मेणचट प्रकरण तयार झालेलं असतं. ते ज्योतीच्या बाजूला धरून मेण पुसत गेलं, की एकेक रंग उघडा पडतो. या सगळ्या प्रकारात 'अनडू' नाही, त्यामुळे डिझाइन पहिल्या रेघेआधीच डोक्यात पक्कं हवं.

आता प्रश्न असा, की हे डिझाइन साठवायचं कुठे? अंडं तर आज ना उद्या फुटणारच. २०१३ साली ल्विव शहरात उत्खननात पाळीव हंसाचं सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचं, मेणाने नक्षी काढलेलं अंडं अखंड सापडलं, पण असं नशीब कितीजणांचं? खरी साठवण होती ती घरातच. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत, रात्री पोरं झोपली की आई, आजी, लेकी मिळून अंडी लिहायला बसत. नक्षी घराघराची ठरलेली, कांद्याच्या सालींसारख्या गोष्टींतून रंग काढायच्या कृतीही ज्याच्या त्याच्या. आपल्याकडे दारातली रांगोळी जशी आजीच्या चिमटीतून नातीच्या चिमटीत येते ना, अगदी तसंच.

१८९९ साली कुल्झिन्स्की यांनी लुब्नी गावातल्या संग्रहालयातल्या दोन हजारांहून जास्त पिसांकांची सचित्र सूची छापली. बरं झालं छापली! कारण पुढे सोव्हिएत राजवट आली. धर्माशी नातं असलेलं काहीही तिच्या डोळ्यांत खुपायचं, त्यात ही अंडीही आली. कार्पेथियन डोंगरातल्या कोस्माचसारख्या गावांनी ही कला सांभाळली, पण बऱ्याच ठिकाणी आईकडून लेकीकडे जाणारा धागा तुटला.

आणि इथे बॅकअप कामाला आला, तोही समुद्रापलीकडचा! १८९१ पासून युक्रेनियन शेतकरी कॅनडात जायला लागले होते. सामानातून अंडी नेणं अवघड, पण हातातली नक्षी कोण काढून घेणार? अल्बर्टा प्रांतातल्या व्हेग्रेव्हिल गावात १९७५ साली अ‍ॅल्युमिनियमची एक प्रचंड पिसांका उभी राहिली. ती वाऱ्यावर फिरते. गंमत म्हणजे तिचं डिझाइन केलं युटा विद्यापीठातल्या रॉन रेश या संगणकतज्ज्ञाने. अंड्याचा वक्र पृष्ठभाग सपाट तुकड्यांतून कसा जुळवायचा, हे गणित त्याने कॉम्प्युटरवर सोडवलं. आजीबाई मात्र हे कधीपासून नुसत्या नजरेने करत होत्या!

१९९१ ला युक्रेन स्वतंत्र झाला. २००० साली कोलोमियात पिसांकांचं संग्रहालय उभं राहिलं, त्याची इमारतसुद्धा अंड्याच्या आकाराची. जुन्या सूचीतली चित्रं बघून लोक हरवलेल्या नक्ष्या पुन्हा लिहू लागले. डिसेंबर २०२४ मध्ये, २०२२ ला रशियाने सुरू केलेलं मोठं आक्रमण चालू असतानाच, युनेस्कोने पिसांकाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. नोंद युक्रेन आणि एस्टोनिया, दोघांच्या नावावर.

कार्पेथियनमधल्या हुत्सुल लोकांची एक दंतकथा आहे. डोंगरात एक दुष्ट सर्प साखळदंडाने बांधलेला आहे. दरवर्षी तो आपले दूत पाठवून किती पिसांका लिहिल्या गेल्या ते मोजून घेतो. अंडी कमी भरली की साखळी सैल होते, भरपूर असली की घट्ट.

त्या मोजणीत मागच्या वर्षीची अंडी धरत नाहीत बरं का. दर वसंतात नवी लिहावी लागतात.