रेगेन्सबर्गचे पाचवे कलम

विश्वासाने तारण हा विषय निघाला म्हणजे आपल्या धर्मवर्गांतून एक ठरावीक इतिहास सांगण्यात येतो. प्रॉटेस्टंट वर्गात सांगतात की, रोमन मंडळी कर्मांनी तारण मिळते असे शिकवीत होती व ल्यूथर यांनी ते खोडून काढले. कॅथलिक वर्गात सांगतात की, ल्यूथर यांनी सत्कर्मांची गरजच नाकारली व मंडळीला त्यांस थोपवावे लागले. हे दोन्ही इतिहास सांगावयास सोपे आहेत. पण त्यांपैकी एकही पुरता खरा नाही. १५४१ साली जर्मनीतील रेगेन्सबर्ग या नगरात उभय पक्षांचे धर्मपंडित एकत्र बसले, आणि ज्या प्रश्नावरून फूट पडली होती नेमक्या त्याच प्रश्नावर त्यांचे एकमत झाले. ते एकमत टिकले नाही. ते कसे झाले आणि का टिकले नाही, हे उपदेशपीठावर उभे राहणाऱ्या व बाप्तिस्म्याच्या उमेदवारांस शिकविणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते.

प्रथम वादाचे स्वरूप पाहू. मराठी बायबलात रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मनुष्य विश्वासाने नीतिमान ‘ठरतो’ असा शब्दप्रयोग आहे. ठरणे व ठरविणे ही निवाड्याची क्रियापदे आहेत. न्यायाधीश आरोपीस निर्दोष ठरवितो, त्या वेळी आरोपीचा स्वभाव पालटतो असे नव्हे. त्याची स्थिती पालटते. पश्चिमेकडील मंडळीत शतकानुशतके वाचल्या गेलेल्या लॅटिन बायबलातील शब्दाच्या घडणीत मात्र ‘करणे’ हा अर्थ होता. देव पापी मनुष्यास नीतिमान करतो, त्याच्या अंतःकरणात नीतिमत्त्व ओततो, असा बोध त्यातून होत असे. देव आपणांस नीतिमान ठरवितो की करतो? ठरवीत असेल तर पवित्र जीवनाचे काय? करीत असेल तर मरणघटकेला आपण कशावर भिस्त ठेवावी, ख्रिस्तावर की आपल्यात झालेल्या सुधारणेवर? सगळा वाद या दोन क्रियापदांत सामावलेला आहे.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. १४८३ साली दोन बालके जन्मली: जर्मनीत मार्टिन ल्यूथर आणि व्हेनिस येथील एका सरदार घराण्यात गास्पारो कोन्तारिनी. ल्यूथर १५०५ साली मठात गेले. परंतु उपास, जागरणे व पापनिवेदन यांनी त्यांच्या मनास शांती लाभली नाही. पुढे पौलाच्या पत्रांचे अध्ययन करताना देवाचे नीतिमत्त्व हे विश्वासाने स्वीकारावयाचे दान आहे, हे त्यांस उमगले. कोन्तारिनी यांचे दोन जिवलग मित्र वैरागी होऊन मठात गेले आणि आपण संसारात राहिलो तर आपले तारण होईल काय, या चिंतेने ते व्याकूळ झाले. १५११ च्या पवित्र शनिवारी पापनिवेदन केल्यावर त्यांच्या ध्यानी आले की, मनुष्याने कितीही प्रायश्चित्त केले तरी ते पुरणारे नाही. ख्रिस्ताचे दुःखसहन मात्र पुरेसे आहे आणि त्याच्याशी विश्वासाने व प्रीतीने जडून राहणे हेच आपले काम आहे. त्यांनी हे मित्रास पत्राने कळविले. ती पत्रे विसाव्या शतकाच्या मध्याला उजेडात आली, तेव्हा अभ्यासक चकित झाले. ल्यूथर यांचे नावही त्या वेळी जगास ठाऊक नव्हते.

हेच कोन्तारिनी १५३५ साली कार्डिनल झाले आणि १५४१ साली पोपचे प्रतिनिधी म्हणून रेगेन्सबर्ग येथे आले. सम्राट पाचवा चार्ल्स याला तुर्कांविरुद्ध जर्मन राजांचे ऐक्य हवे होते. म्हणून त्याने ही चर्चा घडवून आणली. कॅथलिक पक्षाकडून योहान एक्क, ग्रोप्पर व फ्लूग, तर प्रॉटेस्टंट पक्षाकडून मेलान्क्थॉन, बुत्सर व पिस्टोरियस हे सहा जण बोलणी करू लागले. २७ एप्रिल रोजी चर्चेस प्रारंभ झाला व २ मे रोजी पाचवे कलम संमत झाले.

त्या कलमाचा आशय असा: पापी मनुष्य जिवंत व कार्यक्षम विश्वासाने नीतिमान ठरतो. त्या विश्वासाबरोबर पवित्र आत्मा त्याच्या ठायी प्रीती उत्पन्न करतो व खरे नीतिमत्त्व त्याच्यात रुजू लागते. तथापि त्याच्या मनाने विसंबून राहावयाचे ते या रुजणाऱ्या नीतिमत्त्वावर नव्हे, तर ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वावर. आणि जे ‘केवळ विश्वासाने’ असे शिकवितात त्यांनी पश्चात्ताप, देवाचे भय, न्यायाचा दिवस व सत्कर्मे यांचीही शिकवण दिली पाहिजे. ‘ठरविणे’ आणि ‘करणे’ ही दोन्ही क्रियापदे येथे एकत्र आली. भिस्त कशावर ठेवावी, याविषयी मात्र संदिग्धता ठेवली नाही. तेथे उपस्थित असलेल्या कॅल्विन यांनीही प्रतिपक्षाने इतके मान्य केले याचे नवल वाटत असल्याचे मित्रास लिहून कळविले.

परंतु पुढच्याच विषयांवर गाडे अडले. प्रभुभोजनात भाकर व द्राक्षारस यांचे काय होते, हे सांगणारा रूढ शब्द सोडण्यास खुद्द कोन्तारिनी तयार नव्हते. मंडळीचा अधिकार व पापनिवेदन यांवरही मतभेद राहिले. इकडे ल्यूथर यांनी पाचव्या कलमास ठिगळे जोडलेले वस्त्र म्हटले. तिकडे रोमनेही ते मान्य केले नाही. कलमातील शब्द कोणास सर्वस्वी खोटे वाटले म्हणून ते बुडाले असे नाही. प्रतिपक्ष हेच शब्द वापरून आपलाच जुना अर्थ पुढे रेटील, ही धास्ती दोहोंकडे होती. एकमेकांवरच विश्वास नसलेल्या माणसांनी विश्वासाविषयीचे कलम लिहिले होते. १५४२ साली कोन्तारिनी मरण पावले.

त्याच वेळी आपल्या किनाऱ्याकडे काय घडत होते, हेही पाहण्यासारखे आहे. येशूसंघास पोपची मान्यता मिळवून देण्यात कोन्तारिनी यांचा हात होता. त्या संघाचे फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले. पाचवे कलम संमत झाले तेव्हा ते समुद्रावर होते, आणि ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास उतरले. प्रॉटेस्टंट मिशनरी त्यानंतर फार उशिरा आले. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ साली आणि लंडन मिशन बेळगावात १८२० साली सुरू झाले. अशा रीतीने एकच शुभवर्तमान आपल्याकडे वेगवेगळ्या गलबतांतून आले, आणि रेगेन्सबर्गला न मिटलेले भांडणही त्याच सामानात बांधून आले. आपल्या पूर्वजांनी तो वाद घातला नव्हता. तो त्यांस वारशाने मिळाला.

१३ जानेवारी १५४७ रोजी ट्रेंटच्या परिषदेने १६ अध्याय व ३३ नियम असलेला आपला निर्णय प्रसिद्ध केला. त्यात ‘केवळ विश्वासाने’ हे वचन, दुसऱ्या कशाच्याही सहकार्याची गरज नाही अशा अर्थाने घेतल्यास, निषिद्ध ठरविले. प्रॉटेस्टंट वाचकांस हे ठाऊक असते. परंतु त्याच निर्णयातील पहिल्या नियमाने, ख्रिस्ताच्या कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी मनुष्य नीतिमान ठरतो असे म्हणणाऱ्याचाही निषेध केला आहे. आणि आठवा अध्याय सांगतो की, नीतिमान ठरण्याची कृपा पूर्वीच्या कोणत्याही कृत्याने कमावता येत नाही. उलटपक्षी, १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाचे विसावे कलम, सत्कर्मे करणे आवश्यक आहे असे स्पष्ट सांगते. दोन्ही पक्षांनी एकमेकांची ही पाने क्वचितच उघडली.

ती उघडावयास चार शतके लागली. दीर्घ संवादानंतर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे रोमन कॅथलिक मंडळी व लुथरन जागतिक संघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासाने देव आपणांस स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा देऊन सत्कर्मांसाठी सिद्ध करतो, हे दोघांनी मिळून कबूल केले. २००६ साली मेथडिस्ट व २०१७ साली रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघटना त्यात सामील झाल्या. सर्वांचे समाधान झाले असे नाही. जर्मनीतील दीडशेहून अधिक प्रॉटेस्टंट ईश्वरविद्यातज्ज्ञांनी आधीच आक्षेप नोंदविले होते, आणि नीतिमान ठरलेला मनुष्य पापीही राहतो काय, या प्रश्नावरचे अंतर पूर्णपणे मिटलेले नाही. त्या मतभेदांवर पांघरूण घालावे असे आम्ही म्हणत नाही. सह्यांचा समारंभ सेंट ॲन मंदिरात झाला. १५१८ साली कार्डिनल काजेतान यांच्यासमोर चौकशीसाठी आलेले ल्यूथर त्याच ठिकाणच्या मठात उतरले होते. आणि त्या चौकशीतील एक मुद्दा विश्वासाचाच होता.

मग आम्ही काय शिकवावे? एक म्हणजे, शेजारच्या मंडळीचे मत सांगावयाचे असेल तर ते तिच्याच ग्रंथांतून सांगावे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची आज्ञा धर्मवर्गासही लागू आहे. दुसरे म्हणजे, आपल्या लोकांपुढील मोह या वादाइतकाच जुना आहे. कोणी नवस, उपास व वर्गणी यांचा हिशेब देवापुढे मांडतो. कोणी ‘मी विश्वास ठेवला’ या आपल्या कृतीचाच हिशेब मांडतो आणि विश्वासालाच एक कर्म बनवितो. दोघांचेही डोळे स्वतःकडे लागलेले असतात. विश्वास हा रिकामा हात आहे. त्याची किंमत हातात नसून हातात पडणाऱ्या दानात आहे. पण ते दान हाती आले म्हणजे तो हात रिकामटेकडा राहत नाही, हे गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील सहावे वचन आपणांस सांगते, आणि पाचव्या कलमाची मांडणीही त्याच वचनाच्या आधारे झाली होती.

मरणशय्येजवळ बोलाविणे आले असता रोग्याने आपल्या आयुष्याचा जमाखर्च काढावयास आरंभ केला, तर पाळकाने किंवा धर्मशिक्षकाने त्याची दृष्टी त्या जमाखर्चावरून काढून ख्रिस्ताकडे वळवावी. तेथे ऑग्सबर्ग व ट्रेंट यांत भांडण नाही. कोन्तारिनी यांस १५११ साली जे कळले, तेच त्या खोलीत पुरे पडते.