म्याझेदी शिलालेखाच्या चार बाजू

‘जगातल्या साऱ्या भाषा संस्कृतातून निघाल्या’, ‘आग्नेय आशिया म्हणजे बृहत्तर भारत’ असे मेसेज आपल्याही ग्रुपवर फिरतात. आम्ही चिडतो आणि पुढे जातो. पण चिडणे म्हणजे उत्तर नव्हे. उत्तर म्यानमारमधल्या बागानच्या म्याझेदी शिलालेखात आहे.

सुमारे १११३ साली राजपुत्र राजकुमाराने हा लेख कोरून घेतला. दगडाच्या चार बाजूंवर एकच मजकूर चार भाषांत आहे: पाली, प्यू, मोन आणि बर्मी. संस्कृतची बाजूच नाही. यातली प्यू भाषा कधीच मेली होती, कुणाला वाचता येत नव्हती. उरलेले तीन मजकूर शेजारी ठेवून सी. ओ. ब्लॅगडेन यांनी १९११ मध्ये ती उलगडायला सुरुवात केली.

लिपी इथूनच गेली, ती ब्राह्मीच्या वंशातली आहे. ते आम्ही नाकारत नाही. पण लिपी घेतली म्हणून भाषा परक्याची होत नाही. आपण मराठी देवनागरीत लिहितो, म्हणून मराठी काही हिंदी ठरत नाही. बर्मी आणि प्यू तिबेटो-बर्मी कुळातल्या. मोन ऑस्ट्रोआशियाई कुळातली. आपल्या मेळघाटातली कोरकू भाषाही त्याच कुळाच्या मुंडा शाखेतली. म्हणजे मोनचे दूरचे नातेवाईक आदिवासींच्या घरात आहेत. ‘बृहत्तर भारत’वाले हे नाते कधी सांगतात का?

आता आपल्याला टोचणारी गोष्ट. राजकुमाराने बुद्धाची सोन्याची मूर्ती घडवली आणि तिला तीन गावचे गुलाम अर्पण केले. हे त्याच लेखात आहे. पुढे बर्मात पॅगोडाच्या गुलामांचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या हीन मानले गेले, इतर लोक त्यांच्याशी सोयरीक टाळत. बुद्धाच्या नावाने माणसे दान दिली गेली, हे आम्ही लपवणार नाही. मनुस्मृतीला जो प्रश्न विचारतो, तोच इथेही विचारू.

डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. त्यांनी पालीचे व्याकरण आणि शब्दकोश तयार केला, तो १९९८ साली शासनाने ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात छापला. आपल्यापैकी किती जणांनी तो उघडला? बुद्धवंदना पाठ असणे पुरेसे नाही. पाली शिका, मूळ लेख वाचा. नाहीतर आपला इतिहास पुन्हा दुसराच कुणी वाचून दाखवेल.

जयभीम!