एका गोळीची हकीकत

गावात कुणाची दारू सोडवण्याची गोष्ट निघाली, की कोणीतरी हलक्या आवाजात सांगतेच, "चहातून द्यायची एक पूड मिळते. त्याला कळायचंसुद्धा नाही!" अशा कामी वापरतात त्यांपैकी एका औषधाची हकीकत आज सांगतो.

त्याचे नाव डायसल्फिराम. याचे घराणे रबराच्या कारखान्यातले. त्या जातीच्या रसायनात वावरणाऱ्या कामगारांना दारू सोसेनाशी होते, असे १९३७ साली विल्यम्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी नोंदले होते. पण तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढे डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनला, येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोघे संशोधक जंतांवरचे औषध म्हणून डायसल्फिराम तपासत होते. माणसाला ते बाधते का, हे पाहायला गोळ्या त्यांनी स्वतःच घेतल्या. त्यानंतर थोडे मद्य पोटात गेले मात्र, तोंड लालबुंद, छातीत धडधड, मळमळ! जंत राहिले बाजूला. १९४८ साली दारूवरचे औषध म्हणून त्यांनी ते जगापुढे मांडले.

दारूचे शरीरात आधी एक विषारी द्रव्य बनते. एरवी यकृत त्याचा लगेच निकाल लावते. ही गोळी ते काम अडवते, आणि विष साठते. म्हणजे पाहा, गोळीने धास्ती बसते, पण मनातली ओढ जागच्या जागीच राहते.

सुरुवातीला डॉक्टर मोठी मात्रा देत आणि अद्दल घडावी म्हणून रोग्याला समोर दारू पाजत. त्यात काहींचे प्राण गेले. मग ती रीत सोडली, मात्राही उतरवली. शिवाय ज्याला प्यायचेच आहे, तो काय करतो? गोळी बंद करतो, झाले! म्हणून रोग्याच्या राजीखुशीने, घरच्या माणसासमोर रोज गोळी घेणे आणि जोडीला समुपदेशन, असा उपचार पुढे आला.

आपल्याकडे पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. तिथेही दारू तोडतानाचा त्रास औषधाने निभावून नेतात. खरा वेळ जातो तो बोलण्यात, गटात बसण्यात, घरच्यांना सोबत घेण्यात.

आता ती चहातली पूड. त्यात डायसल्फिराम असेल आणि ज्याला ठाऊकच नाही तो गुत्त्यावर जाऊन नेहमीसारखा प्याला, तर रक्तदाब एकदम उतरून जीवावर बेतू शकते. गुरुजी, एखाद्या पोराची आई अशी पुडी घेऊन तुमच्याकडे आली, तर तिला रागावू नका. पुडी डॉक्टरांना दाखवायला सांगा. आणि आधीच दिली असेल, तर नवऱ्यालाही सांगायला लावा. कारण औषध थांबवले तरी त्याचा अंमल दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो.