धोकटी, फणी आणि गजरा



गेल्या संक्रांतीला आपल्या मंडळाचे हळदीकुंकू झाले, त्या वेळी गजऱ्यांची परडी फिरविण्याचे काम माझ्याकडे होते. ओळीने सर्वांना गजरे देत मी आमच्या गल्लीतील काकूंपाशी आले. काकूंचे केस अजून कमरेखाली जातात. त्यांनी गजरा हातात घेतला, त्याचा वास घेतला आणि शेजारी बसलेल्या मुलीच्या वेणीत तो माळून टाकला. "मला कशाला आता?" एवढेच त्या म्हणाल्या. काकूंचे यजमान २०२१ च्या साथीत गेले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. मीही काही न बोलता परडी घेऊन पुढे सरकले. घरी आल्यावर मात्र मला माझ्या आजोबांनी सांगितलेली एक गोष्ट आठवली, आणि आपण तशाच पुढे सरकलो याची लाज वाटली.

मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. इतिहास लिहिणे हे विद्वानांचे काम. पण माझे माहेर आणि सासर दोन्ही नाभिक समाजातले. दुसऱ्याच्या केसांवर आमच्या कित्येक पिढ्यांचे पोट चालले. तेव्हा आजोबांकडून ऐकलेले आणि वाचनालयातील पुस्तकांत वाचलेले जे काही आहे, ते आपल्यापुढे ठेवते. चूकभूल पदरात घ्यावी.

माझे माहेर वाईजवळच्या एका गावचे. आजोबांच्या वडिलांकडे, म्हणजे पणजोबांकडे, गावचे बलुते होते. सकाळी धोकटी काखेला मारून ते निघत. धोकटी म्हणजे न्हाव्याची चामड्याची पिशवी. तिच्यात वस्तरा, कात्री, नखे काढण्याची नराणी, चिमटा, पाण्याची वाटी, धार लावण्याचा दगड आणि एक लहानसा आरसा, एवढा संसार असे. दुकान नव्हतेच. कोणाच्या ओट्यावर, कोणाच्या झाडाखाली गिऱ्हाईक बसवायचे. रोजच्या रोज पैसे नाहीत. सुगीला खळ्यावर जाऊन धान्य आणायचे. आमच्या समाजाची थोरवी सांगताना प्रतापगडचा जिवा महाला आणि पन्हाळ्याचा शिवा काशीद यांची नावे मोठ्या अभिमानाने घेतली जातात, आणि ती घ्यावीत अशीच आहेत. पण रोजचे जिणे हे असे धोकटीचे होते.

ही धोकटी पुरुषांसाठी. बायकांच्या केसांची सारी व्यवस्था घरच्या घरी होत असे. शिकेकाई, रिठे, आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी हे सारे कुटून ठेवायचे आणि मंगळवार-शुक्रवार पाहून न्हायचे. माक्याचे तेल घरी कढवायचे. दुपारी जेवणे उरकली की पडवीत एकीच्या मागे एक अशा बायका बसत. थोरली धाकटीची वेणी घाली. लाकडाची किंवा शिंगाची फणी असे, उवा-लिखांसाठी बारीक दातांची निराळी. कोणी अंबाडा घाली, कोणी खोपा, तर कोणी नुसता बुचडा बांधी. केस विरळ असले तर गंगावन जोडीत. सणासुदीला मूद, राखडी, केतक असे दागिने निघत. विंचरताना निघालेले गुंतवळही फेकीत नसत. ते साठवून दारावर येणाऱ्या बाईला द्यायचे आणि तिच्याकडून सुया-पिना घ्यायच्या. माझ्या आईने अशा गुंतवळावर घेतलेली एक वाटी अजून माझ्या घरात आहे.

या साऱ्यात एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे कात्री. जावळ काढताना एकदा केस जात, किंवा मोठ्या तापात डोके हलके करण्यासाठी कापीत. एरवी जाणत्या बाईच्या केसाला लोखंड लागायचे नाही. आणि पुष्कळ घरांत ते लागे ते एकाच प्रसंगी, तिचा नवरा गेला म्हणजे. आमच्या आयांनी आम्हांला केस कापू दिले नाहीत, कात्री लावणे अशुभ म्हटले, त्याच्या मुळाशी मला वाटते हीच जुनी भीती होती.

आता आजोबांची गोष्ट सांगते. ते आठ-नऊ वर्षांचे असताना वडिलांबरोबर धोकटी धरून जात. शंभर वर्षांपूर्वीची ही हकिगत. एके दिवशी पहाट फुटायच्या आत एका वाड्याच्या परसदारी बोलावणे आले. तिथे तांबडे आलवण नेसवलेली एक मुलगी बसली होती. आजोबांहून तीन-चार वर्षांनी मोठी असेल. पणजोबांनी वस्तरा पाजळला. आजोबांच्या हातात पाण्याची वाटी होती. त्या मुलीने त्यांच्याकडे पाहून हळूच विचारले, "दुखतं का रे?" आजोबा म्हणाले, "नाही." म्हातारपणी ही गोष्ट सांगताना ते नेहमी इथेच थांबत. "मी खोटं बोललो की खरं, मला अजून समजलं नाही," असे म्हणत.

याला केशवपन म्हणत. एकदा करून भागत नसे. दर पंधरा दिवसांनी, मरेपर्यंत. ब्राह्मण आणि त्यांच्या चालीने वागणाऱ्या आणखी काही जातींत ही रूढी होती. विधवेने वेणी बांधली तर परलोकी पती बांधला जातो, अशी समजूत सांगत. केस काढलेली ती सोवळी. जिचे राखलेले ती सकेशा, आणि सकेशेच्या हातचे पाणी पुष्कळ घरांत देवाला चालत नसे. आमच्यासारख्या जातींत पाट लावण्याची चाल होती, केस काढीत नसत. पण म्हणून आम्ही फार शहाणे असे समजू नये. कुंकू, बांगड्या आणि फुले आम्हीही बाईपासून काढून घेतच होतो.

विधवेने पुन्हा लग्न करावे, याला सरकारने १८५६ साली कायद्याने मोकळीक दिली. पण कायदा कागदावर राहिला आणि वस्तरा चालूच राहिला. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते अशाच फसलेल्या, टाकलेल्या विधवांसाठी. तिथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच डॉ. यशवंत. आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' पत्र सुरू केले आणि त्यातून केशवपनावर कडक टीका केली. हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' या कादंबरीतील यमूचे शेवटी काय झाले, हे वाचून त्या काळी घरोघर बायका रडल्या असतील.

हे सर्व लिहिणारे, बोलणारे लोक होते. पण वस्तरा कोणाच्या हातात होता? आमच्या. म्हणून मला १८९० सालची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. त्या वर्षी मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर आपण वस्तरा चालवणार नाही असे तिथे ठरले. यात पुढाकार होता नारायण मेघाजी लोखंडे यांचा. लोखंडे सत्यशोधक समाजाचे, 'दीनबंधू' पत्राचे संपादक. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० सालीच कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. गंमत अशी की त्या रविवारी सारे जग हजामतीला येते, म्हणून आमच्या दुकानांची सुट्टी सोमवारी!

हा नकार म्हणजे काय, ते मला २०२० साली समजले. मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि सलूनची दुकाने जूनच्या अखेरपर्यंत बंद राहिली. पुढच्या वर्षी पुन्हा बंद. आमच्या यजमानांचे दुकान भाड्याचे. रेशनच्या तांदळावर आणि उसनवारीवर आम्ही दिवस काढले. आमच्यावर ती वेळ बाहेरून आली होती. पण १८९० साली त्या माणसांनी हातची मिळकत आपण होऊन सोडायची म्हटले. तीही कोणासाठी? आपल्या जातीतल्या बायकांसाठी नव्हे. ज्या वाड्यांत त्यांना परसदारापलीकडे पाऊल टाकता येत नव्हते, तिथल्या मुलीबाळींसाठी.

त्या सभेने रूढी थांबली असे मात्र मी म्हणणार नाही. ती थांबली असती तर तीस-पस्तीस वर्षांनी माझ्या पणजोबांना त्या वाड्यावर जावे लागले नसते. खेड्यात बलुतेदाराने नाही म्हणायचे म्हणजे गावच सोडायचे. पणजोबा नाही म्हणू शकले नाहीत, हेही मी लपवीत नाही.

रूढी मोडली ती पुढे हळूहळू, आणि ती मोडण्यात बायका स्वतः पुढे झाल्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली त्यांच्याशी लग्न केले, त्याच आनंदीबाई कर्वे. अण्णांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याला गेला. आनंदीबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले. त्या विशीत विधवा झाल्या, त्यांचे केशवपन झाले आणि तशाच त्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. चाळिशी उलटल्यावर त्यांनी ठरविले की आता पुरे, आणि पुन्हा केस वाढविले. पुढे त्या अमेरिकेलाही जाऊन आल्या. परदेशी जाण्यापेक्षा मला त्यांचे ते केस वाढविणेच अधिक धैर्याचे वाटते. चाळिशी उलटल्यावर, सर्वांच्या देखत, रोज थोडे थोडे वाढणारे केस! लोक काय म्हणतील हे त्यांना रोज सकाळी नव्याने सोसावे लागले असेल.

त्यानंतरचा काळ आपण पाहिलाच आहे. धोकटीची जागा दुकानाने घेतली, बलुत्याची रोख पैशाने. घरोघर दाढीचे ब्लेड आले तसे गिऱ्हाईक कमी झाले. पुढे एड्सच्या भीतीने वस्तरा गेला आणि दर माणसाला नवे अर्धे ब्लेड आले. आमच्या तालुक्याच्या गावी मी शाळेत असताना पहिले ब्युटी पार्लर निघाले. त्याला पडदा होता, आणि आत जाणारी बाई आधी इकडेतिकडे पाहून घेई. आज माझी मुलगी आयटीआयमध्ये हेच शिक्षण घेऊन पार्लरात काम करते. तिच्याजवळ केस वाळविण्याचे यंत्र आहे, सरळ करण्याचा चिमटा आहे, कुरळे करण्याची नळी आहे. चिमटा भलताच तापतो. ओल्या केसांवर तो फिरविला तर केस जळून तुटतात, म्हणून ती आधी केस पूर्ण कोरडे करून घेते. आधी तेल न लावता कोरडे केस ओढून विंचरू नका, असे माझी आई सांगे. कारण निराळे, पण काळजी तीच.

त्या पार्लरात परवा एक साठीच्या बाई आल्या आणि म्हणाल्या, "माझे केस खांद्यापर्यंत काप, सांभाळणे होत नाही." मुलीने कापले. बाईंनी आरशात पाहिले आणि हसल्या. मुलीने मला हे सहज सांगितले. मला मात्र आजोबांची वाटी आठवली. कात्री तीच, केस तेच. फरक एवढाच की या वेळी बाईला कोणीतरी विचारले होते.

आता मूळ गोष्टीकडे येते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सांगितले. एक लहानसे गाव हे करू शकले.

आपल्या मंडळात वस्तरा कोणाच्या हातात नाही. परडी मात्र आपल्याच हातात आहे. काकूंनी गजरा परत केला तेव्हा त्यांना कोणी मनाई केली नव्हती हे खरे, पण "घ्या ना, काकू," असेही कोणी म्हटले नाही. मी तर परडी घेऊनच उभी होते. १८९० साली आमच्या माणसांनी नाही म्हणून दाखविले. आपल्याला फक्त 'घ्या' म्हणायचे आहे आणि त्यात कोणाची भाकरीही जात नाही.

तेव्हा माझी मंडळाला विनंती आहे की येत्या संक्रांतीला परडी काकूंपासून सुरू करावी. त्यांनी गजरा माळावा की न माळावा, हा त्यांचा प्रश्न. केस त्यांचे आहेत. आपण फक्त पुढे सरकायचे नाही. परडी फिरविण्याचे काम यंदाही मला मिळावे, एवढे मागून हा लेख पुरा करते.