ट्रकचं इंजिन आणि घरातला दिवा

डिझेल म्हटलं की डोळ्यांसमोर ट्रक येतो. इथे अमेरिकेत हिवाळी वादळाने वीज गेली, की एक कल्पना हमखास ऐकू येते: भंगारातून ट्रकचं इंजिन आणायचं, त्याला अल्टरनेटर जोडायचा, की झालं घरचं वीजकेंद्र! मी पडलो कॉम्प्युटरवाला. इंजिनाशी माझा संबंध ऑइल बदलण्यापुरता. पण या कल्पनेच्या निमित्ताने इतिहास वाचला आणि गंमत कळली. डिझेल इंजिन आधी एका जागी बसूनच काम करायचं. ट्रकमध्ये ते बऱ्याच उशिरा गेलं.

रुडॉल्फ डिझेलला १८९३ मध्ये पेटंट मिळालं आणि १८९७ मध्ये जर्मनीत ऑग्सबुर्गला त्याच्या इंजिनाची यशस्वी चाचणी झाली. वाफेची बरीचशी इंजिनं तेव्हा इंधनातल्या उष्णतेपैकी जेमतेम १० टक्के कामी लावत. याने २६ टक्के लावली. लहान कारागिरालाही स्वतःचं इंजिन मिळावं, मोठ्या कारखान्यांपुढे तोही टिकावा, ही डिझेलची इच्छा. पण इंधन फवारायला दाबाखालची हवा लागे, आणि तिच्यासाठी अवजड कॉम्प्रेसर! त्यामुळे इंजिन कारखाने, वीजघरं आणि जहाजांतच अडकलं. १९१३ मध्ये डिझेल बोटीवरून बेपत्ता झाला. हवेऐवजी पंपाने फवारणी जमली आणि १९२४ च्या सुमारास डिझेलचे ट्रक बाजारात आले.

अमेरिकेतही तेच. इंडियाना राज्यात कोलंबस गावी १९१९ मध्ये सुरू झालेली कमिन्स कंपनी आधी शेतावरची छोटी इंजिनं करायची. मंदीच्या तोंडावर, १९२९ च्या अखेरीस, क्लेसी कमिन्सने पॅकार्ड मोटारीत डिझेल इंजिन बसवलं आणि थेट न्यूयॉर्कचं मोटार प्रदर्शन गाठलं. मग ट्रकचा रस्ता खुला झाला. पुणेकरांना हे नाव नवं नाही. १९६२ मध्ये कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली.

आता थोडा हिशोब. इथल्या घराला सरासरी सव्वा किलोवॅटच्या आसपास वीज लागते. २०० हॉर्सपॉवरचं इंजिन म्हणजे दीडशे किलोवॅट! पाच ईमेलसाठी अख्खं डेटा सेंटर लावण्यासारखंच. मोठं इंजिन नुसतं चालू ठेवलं तरी तासाला पाऊण गॅलन डिझेल पितं, म्हणजे दिवसाला १८ गॅलन. शिवाय इतक्या कमी लोडवर सिलिंडर नीट तापत नाही, अर्धवट जळलेलं इंधन एक्झॉस्टमध्ये साचतं. इथल्या ६० हर्ट्झसाठी चार पोलच्या अल्टरनेटरला मिनिटाला बरोबर १८०० फेरे हवेत. वेग हलला की उपकरणांची वाट लागते. आणि ट्रान्सफर स्विच न बसवता वीज घरच्या वायरिंगमध्ये सोडली, तर ती उलटी ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्ट होऊन बाहेर पडते. तिथे खांबावर आपलीच लाइन दुरुस्त करणारा लाइनमन असतो.

डिझेलचं मूळ स्वप्न मात्र आपल्याकडे साकार झालं, तेही ट्रकविना. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. विहिरीवर पाणी उपसणारं, गावच्या गिरणीत पुक-पुक करत दळण दळणारं ते छोटं इंजिन आठवा. वीज गावात पोचायच्या आधी ते पोचलं होतं, आणि कामाच्या मापाचं होतं.