कोहमारा ते अजब बंगला : समाधी आणि संग्रह

गोंदियाहून येणारा रस्ता कोहमाऱ्याला मुंबई-कोलकाता महामार्गास मिळतो. तेथून साकोली, लाखनी, भंडारा या मार्गाने आम्ही नागपूरला निघालो, ते दोन स्थळे एकाच दिवशी पाहावीत या हेतूने: जुन्या शुक्रवारीतील भोसल्यांच्या समाध्या आणि मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजेच लोकांच्या तोंडचा ‘अजब बंगला’.

काशीबाईच्या देवळाच्या परिसरातील दगडी समाध्यांपाशी प्रथम जाणवते ती रितेपणाची भावना. येथे राजाची संपत्ती नाही, शस्त्रे नाहीत. आहे ते केवळ त्याच्या माणसांनी जपलेले स्मरण. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी निपुत्रिक वारले. १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. वाड्यातील जडजवाहीर, हत्ती, घोडे विक्रीस निघाले. पुढे १८६३ मध्ये, रिचर्ड टेंपलच्या काळात, त्याच शहरात हे संग्रहालय उभे राहिले. ज्या सत्तेने एका घराण्याचा ठेवा लिलावात विखुरला, तिनेच प्रांताचा ठेवा गोळा करण्यास आरंभ केला. हा विरोधाभास नजरेआड करून या वास्तूत प्रवेश करता येणार नाही.

तरीही संग्रहालयाकडे निव्वळ संशयाने पाहणे आम्हाला मान्य नाही. आमच्या गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात, गुंगेरिया येथे, १८७० मध्ये गुरे चारणाऱ्या पोरांना जमिनीतून डोकावणारा धातूचा तुकडा दिसला. खोदल्यावर तांब्याची ४२४ हत्यारे व चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. तांब्याचेच वजन सुमारे ३७६ किलो भरले. त्यांतील काही वस्तू नागपूरला आल्या, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. ही हत्यारे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील मानली जातात. जतन झाले नसते तर ती भट्टीतच वितळली असती. मात्र आकडे, वजन, वर्ष, सारे नोंदले गेले, आणि त्या गुराखी पोरांची नावे इतिहासात रूढ झाली नाहीत.

समाधीने नाव राखले, वस्तू गमावल्या. संग्रहालयाने वस्तू राखल्या, माणसे गमावली. नागपूरच्या आसपासची शिलावर्तुळे या दोहोंच्या मधली: तीही समाध्याच, पण कोणाच्या, ते सांगणारे कोणी उरले नाही. टाकळघाटच्या अशाच वर्तुळांचे उत्खनन पाहून परतताना स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये नदीत बुडून मरण पावले. त्यांचे नाव मात्र नागपूरच्या महाविद्यालयावर आजही आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने संग्रहालयातील नोंदीही संहितेप्रमाणे वाचाव्यात, असे आम्हाला वाटते. ‘सापडले’, ‘मिळाले’ या क्रियापदांमागचा माणूस कोण, हा प्रश्न व्याकरणाचा तितकाच इतिहासाचाही आहे. सायंकाळी कोहमाऱ्याच्या वाटेवर गुरे घरी परतत होती. त्यांच्यामागची पोरे पाहताना आम्हाला हाच प्रश्न पुन्हा आठवला.