फ्थिसिस, क्षय आणि झीज

मुलांच्या किडनीच्या एका आनुवंशिक आजाराचं नाव आहे नेफ्रोनॉफ्थिसिस. जीभ अडखळते ती ‘फ्थि’वर, आणि नेमका तोच तुकडा आपल्या घरचा निघतो. ग्रीक ‘फ्थिसिस’ आणि संस्कृत ‘क्षय’ एकाच धातूचे. आपल्याकडे ‘क्ष’ झाला तिथे तिकडे ‘फ्थ’ झाला. होमरचं ‘अफ्थितोन’ आणि ऋग्वेदातलं ‘अक्षित’ ही जोडी आडालबेर्ट कून या जर्मन पंडिताने १८५३ मध्येच लावून दाखवली होती. अक्षय्य तृतीयाही त्याच गोतावळ्यातली.

आजाराला हे नाव दिलं ते स्वित्झर्लंडचे बालरोगतज्ज्ञ ग्वीडो फान्कोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९५१ मध्ये. त्याआधी १९४५ मध्ये अमेरिकेत स्मिथ आणि ग्रॅहम यांनी हाच आजार नोंदवला होता. पण त्यांच्या डोळ्यांत भरल्या मूत्रपिंडाच्या गाभ्यातल्या पुट्या, म्हणजे पाण्याच्या गाठी. नावही त्यांनी गाठींवरूनच दिलं.

माझं मत फान्कोनींच्या पारड्यात. पुट्यांचा दुसरा एक आजार बाळ जन्मतानाच दिसतो: सहाव्या गुणसूत्रावरचं पीकेएचडी-१ हे जनुक बिघडलेलं असतं आणि दोन्ही मूत्रपिंडं फुगून पोट भरून टाकतात. इथे तसं काही नाही. मूत्रपिंडं नेहमीएवढीच किंवा आक्रसलेली असतात. गाठी मागाहून येतात, पहिल्या सोनोग्राफीत कधीकधी दिसतही नाहीत. आईला दिसतं ते वेगळंच: पोर रात्री उठून घटाघटा पाणी पितं, शाळेत जायला लागलं तरी अंथरूण ओलं करतं, रक्त कमी, उंची खुंटलेली. नेहमीच्या प्रकारात किडनी निकामी होते ती साधारण तेराव्या वर्षाच्या आसपास.

१९९७ मध्ये दुसऱ्या गुणसूत्रावरचं एनपीएचपी-१ हे जनुक सापडलं. या जनुकामुळे आजारी पडणाऱ्या बहुतेक मुलांत ते नुसतं बिघडलेलं नसतं, आईकडच्या आणि बापाकडच्या दोन्ही प्रतींतून अख्खं गळालेलंच असतं. त्याच्या प्रथिनाचं नाव मात्र ठेवलं नेफ्रोसिस्टिन. म्हणजे जनुकाच्या नावात क्षय आणि प्रथिनाच्या नावात पुन्हा गाठ! हे प्रथिन काम करतं पेशीवरच्या सूक्ष्म केसाच्या बुडाशी. त्या केसाला आपली पाठ्यपुस्तकं पक्ष्माभिका म्हणतात; पक्ष्म म्हणजे पापणीचा केस. लॅटिन ‘सिलियम’ही पापणीच. नाव पडलं नुसत्या दिसण्यावरून, पण डोळ्याच्या पडद्यातल्या प्रकाशग्राही पेशींनाही असाच केस लागतो, म्हणून यातल्या काही मुलांची दृष्टीही जाते.

मग मराठीत ‘वृक्कक्षय’ म्हणावं का? व्युत्पत्ती चोख, पण व्यवहारात घातक. आज क्षय म्हणजे टीबी, आणि किडनीचा टीबी खरोखरच असतो. घरचे लोक पोराचं ताट-भांडं वेगळं करतील. आजाराचं खरं कारण मात्र जनुकातलं: आईबाप दोघंही एकेक सदोष प्रत बाळगून धडधाकट असतात, आणि दर गरोदरपणी चारात एक शक्यता दोन्ही सदोष प्रती एकाच मुलाकडे जाण्याची. आते-मामे भावंडांत किंवा मामा-भाचीत लग्न झालं असेल, तर दोघांकडे तोच दोष असण्याचा संभव वाढतो.

‘किडनी झिजत चालली आहे’ असं सांगितलं की कुणालाही कळतं. आणि हे ‘झिजणे’ आलं कुठून? संस्कृत ‘क्षीयते’, प्राकृत ‘झिज्जइ’, मराठी ‘झिजणे’. फ्थिसिसचंच सख्खं भावंड.